परीक्षेच्या रविवारी

पहाटे पाच

चहाचं आधण ठेवून रात्रीची यादी परत उघडली. बारा नावं आणि प्रत्येक नावापुढे वेळ. आज 23 मार्च 2025. राज्यभर ‘उल्लास’ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा आहे. पंधरा वर्षांवरच्या, शाळा घडली नाही अशा माणसांची. आमच्या वाडीतून अकरा बाया आणि एक आजोबा बसणार आहेत. कागदावर मी त्यांची ‘स्वयंसेवी शिक्षक’. एरवी दहिवडीच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

या कामाला मानधन नाही. गावाला ते अजून पटलेलं नाही. ‘तुला महिन्याचं किती सुटतं गं?’ असं विचारून झाल्यावर, काही नाही म्हटलं की समोरचा माणूस मान हलवतो, पण विश्वास ठेवत नाही. एनएसएसचे दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात हे खरं. पण तासांसाठी करायचं तर झाडं लावून फोटो काढणं केव्हाही सोपं.

परीक्षेचा एक नियम मात्र मला मनापासून आवडतो. केंद्र सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडं. या वेळेत कधीही यायचं, बसल्यापासून तीन तास मिळतात. हा नियम ज्यानं कुणी केला त्याला मार्च महिन्यातलं बाईमाणसाचं घर माहीत असणार. ज्वारीची मळणी चालू, गहू काढणीला आलेला, पुढच्या रविवारी पाडवा म्हणून घरं सारवायला-धुवायला काढलेली. सगळ्या जणी एकदम शाळेत जाऊन बसल्या तर जनावरांना पाणी कोण दाखवणार? म्हणून विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावतात तशा मी परीक्षेच्या पाळ्या लावल्या आहेत. वर्षभरात शिकवलं किती ते निकाल सांगेल, पण या वेळापत्रकावर मी जेवढं डोकं चालवलं तेवढं माझ्या स्वतःच्या परीक्षेतही चालवलेलं नाही.

साडेसहा

पहिला अडथळा मळ्यात. चौघी जणी एकाच मळ्यावर कामाला आहेत आणि मळेवाल्या दादांनी आज मळणीचं मशीन सांगून ठेवलेलं.

‘मशीन काय तुमच्या परीक्षेसाठी थांबतंय व्हय?’ दादा बांधावरूनच म्हणाले.

‘न्हाय थांबायचं. किती वाजता येणार हाय?’

‘बाराच्या आत न्हाय. पलीकडच्या वस्तीवर गेलंय आधी.’

एवढंच हवं होतं. बाराच्या आत येत नसेल तर तोवर काम कणसं गोळा करण्याचं. दोघी दहाला बसतील आणि एकपर्यंत मोकळ्या होतील. उरलेल्या दोघी त्यांच्या जागी दीडला येतील. मशीनवर सगळा वेळ किमान दोन माणसं राहतात, आणि दादांचा पुतण्या आहेच. मी हे मातीत काडीनं आखून दाखवलं. दादांनी ते नीट बघितलं, मग म्हणाले, ‘अर्धी हजेरी कापीन.’

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, ‘कापा की. अर्ध्या दिवसानं काय म्या गरीब व्हत न्हाय.’ (ही माझी सख्खी आत्या नव्हे. सगळ्या वाडीची आत्या.)

दादा हसले. हजेरी कापतील की नाही ते शनिवारी पगाराला कळेल. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गेल्या वर्षी सर्वेक्षणाला घरोघर फिरत होते तेव्हा हेच दादा माझ्याशी बोललेच नव्हते. संध्याकाळी वडिलांना गाठून ‘पोरगी काय करतीया’ म्हणून विचारलं होतं. आज ते माझ्याशी मशीनची वेळ बोलत होते. कॉलेजच्या नेतृत्व शिबिरात आम्हाला व्यासपीठावर हात कुठे ठेवायचे, श्रोत्यांच्या डोळ्यांत कसं बघायचं हे शिकवलं होतं. बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या कामाचा हिशोब त्याच्याच बाजूनं कसा मांडायचा, हे कुणी शिकवलं नाही. माझ्या अनुभवात कामाला आलं ते हेच.

आठ

घरोघर कागद तपासायचे. आधार, मतदान कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, काहीतरी एक ओळखीचं हवं. निळं किंवा काळं पेन. पेन्सिल चालत नाही, आणि इथे एक अडचण आहे. वर्षभर सराव पेन्सिलीवर झाला. खुरप्याची सवय असलेला हात पेन्सिल मुठीत धरतो आणि कागद फाटेस्तोवर दाबतो. पेनवर तसा दाब दिला की टोक आत जातं. महिनाभर आधी आम्ही सगळ्यांना पेनवर आणलं तेव्हा दोघी-तिघींचं अक्षर पुन्हा पहिल्या दिवसासारखं झालं होतं.

आणि चष्मे. साक्षरतेबद्दल भाषणं पुष्कळ होतात, चाळिशीबद्दल कुणी बोलत नाही. सुरुवातीला तीन जणी अक्षर ओळखतच नव्हत्या. आज ‘क’ सांगावा, उद्या तो त्यांना ‘फ’ वाटावा. मला वाटायचं वय झालं, लक्षात राहत नाही. मग एकदा आठवडी बाजारातून आणलेला कुणाचा तरी चष्मा सहज एकीच्या डोळ्यावर चढला आणि तिनं पूर्ण ओळ वाचली. लांबचं स्वच्छ दिसणाऱ्या बाईला जवळचं दिसत नाही हे तिलाही माहीत नसतं, कारण जवळून बघायचं असं तिच्याकडे काय असतं? सुईत दोरा नात ओवून देते. तेव्हापासून आमच्याकडे चार चष्मे सामायिक आहेत. आज परीक्षेत ते कुणी कधी वापरायचे हेही पाळ्यांच्या यादीत लिहिलंय.

वरच्या आळीतल्या आजींकडे गेले तेव्हा त्यांचा नातू त्यांना ओट्यावर बसवून उजळणी घेत होता. नववीत आहे. आजींना मी शिकवलेलं नाही, यानं शिकवलंय. मी फक्त आठवड्यातून एकदा त्याची वही बघायचे. त्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. त्यानं मोबाइलमधली नावं शिकवली. पुण्याला दिलेल्या लेकीचं नाव, मग तिच्या नवऱ्याचं, मग दूधवाल्याचं, मग रेशनदुकानाचं. आजी आता स्वतः नाव शोधून लेकीला फोन लावतात, आणि लेक म्हणते, दिवसातनं चारदा लावते. जोडाक्षरं त्यांना जड जातात. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द बघून त्या म्हणाल्या होत्या, ‘ह्याला काय दुसरं सोपं नाव न्हाय व्हय? गुरुजी म्हना की.’

असे पाच नातू-नाती आमच्याकडे आहेत. या वर्षात केलेल्या कामापैकी मला खरं महत्त्वाचं वाटतं ते हे. बारा जणांना मी एकटीनं शिकवत बसले असते तर दिवाळीतच दम निघाला असता. सहामाहीला अभ्यास होता, घरी आजारपण निघालं, आणि वर्ग महिनाभर माझ्याशिवाय चालला.

दहा

शाळेच्या दारात रांगोळी. गुरुजींनी आलेल्यांना गुलाबाचं फूल दिलं, गंध लावला, आणि मग फोटो. बायांना फोटोची घाई नव्हती, पेपरची होती. चाची सर्वांत आधी येऊन बसलेली. रोजे चालू आहेत. उन्हाच्या आत पेपर सोडवून घरी जाते, असं तिनं आधीच सांगितलं होतं. तिची पाळी पहिली.

मला वर्गात जायला परवानगी नाही. जे बरोबरच आहे. दार लोटलं जायच्या आधी दिसलं ते एवढंच: दुसरीच्या मुलांच्या बाकांत सहा जणी गुडघे तिरके करून कशाबशा बसलेल्या, आणि आत्या पेनचं टोपण दातानं काढतेय.

साडेअकरा

लिंबाखाली. पुढच्या पाळीतले आजोबा दोन तास आधीच येऊन बसलेत. धोतर, पागोटं, खिशात दोन पेनं. साक्षरतेच्या वर्गाला पुरुष मिळणं किती कठीण असतं हे या कामातल्या कुणालाही विचारा. बायका ‘येत न्हाय’ असं मोकळेपणानं सांगतात, पुरुष चष्मा विसरला म्हणतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के होती आणि बायकांची 75.87. त्या आकड्यांत आपले किती चष्मा विसरणारे साक्षर म्हणून मोजले गेले असतील, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

आजोबा आपणहून आले. का, ते त्यांनी आज सांगितलं. ते लहान असताना गावच्या चावडीत रात्री बत्ती लावून मोठ्या माणसांचे वर्ग भरायचे. ही सातारा जिल्ह्यातली ग्रामशिक्षण मोहीम. 1959 साली आपल्याच जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. शिक्षक, गावातले शिकलेले तरुण, सातवी झालेली पोरं, जो सापडेल तो शिकवायचा. गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ व्हायचा. आजोबांच्या गावातही झाला. ‘ढोल वाजत हुता, गुलाल उधळला,’ ते म्हणाले. ‘माझा बा त्यात लिवायला शिकला. म्या मेंढरांमागं. मला कुणी इचारलं न्हाय, पोरगं हुतो ना.’

मुलं शाळेत जातील असं धरून चाललेलं, आणि प्रौढांच्या वर्गात मुलाचं काय काम? दोन्हीकडून ते सुटले.

‘मग वडील पुढे वाचायचे का?’ मी विचारलं.

‘कशाचं. सही करायचा. दोन वरसांनी सही बी डगमगाया लागली. वाचाया हुतं काय गावात?’

त्या मोहिमेचा हाच कच्चा दुवा पुढे अभ्यासकांनीही दाखवला. अक्षरं आली, पण अक्षरांना रोजचं काम मिळालं नाही, आणि कितीतरी माणसं पुन्हा होती तिथे गेली. गुलाल उधळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाचायला काय द्यायचं, याचं उत्तर तेव्हा नव्हतं. खरं सांगायचं तर आजही त्याची पूर्ण तयारी नाही. आमच्या वाडीत ग्रंथालय नाही. पंचायतीच्या फळ्यावरच्या नोटिसा इतक्या बारीक टाइपात असतात की पदवीधरालाही फोटो काढून मोठ्या कराव्या लागतात.

याउलट एक उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे आणि ते मी प्रत्येक नव्या बाईला सांगते. म्हसवडला माणदेशी महिला बँक आहे. चेतना गाला-सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला, कारण अर्जदार बायका निरक्षर होत्या. त्यांनी वर्ग भरवले, वाचायला-लिहायला शिकायला लागल्या, आणि पुन्हा मुंबईला जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला अक्षर येत नसलं तरी हिशोब येतो, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या लोकांना कॅल्क्युलेटरशिवाय करू देत, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला, 1997 साली बँक सुरू झाली. त्या बायकांना शिकायचं होतं कारण पुढे काहीतरी करायचं होतं. आधी साक्षर व्हा, मग बघू, असं कुणी सांगितलं असतं तर त्या बसल्या असत्या का, मला शंका आहे.

आजोबांना ही गोष्ट माहीत होती. त्यांची सून त्या बँकेची खातेदार आहे. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, ‘पेपरात व्याज असतंय का? ते मला तोंडी येतं, लिवून न्हाय येत.’

हे सगळ्यांचंच. पंचवीस किलो ज्वारीचे पैसे या बाया मी खिशातून फोन काढायच्या आत सांगतात. पण तीच बेरीज उभी मांडून हातचा वर लिहायला सांगितला की गोंधळतात. हातचा लिहायचा कशाला, लक्षात असतो की, असं त्यांचं म्हणणं. मी त्यावर वाद घालणं सोडून दिलंय.

एक

पहिली पाळी बाहेर. पेपर कसा गेला याची सहा जणींची सहा उत्तरं. चाची म्हणाली, सोपा होता, आणि लगेच घराकडे वळली. घड्याळाचा प्रश्न होता, नोटांचा होता, स्वतःचं नाव-गाव लिहायचं होतं. आत्यानं नवऱ्याचं नाव लिहिलं. जन्मात तोंडानं घेतलं नाही, आज लिहून दाखवलं, असं सांगून ती मळ्याकडे पळाली. मशीन आलं होतं.

दीड

सासू बाहेर येते, सून आत जाते, आणि सुनेच्या कडेवरचं लेकरू सासूच्या कडेवर. हा बदल रविवारच्या यादीत मी सर्वांत आधी लिहिला होता. दोघींनी एकाच वर्गात शिकायला सुरुवात केली तेव्हा एक महिना त्या एकमेकींसमोर चुकायलाच तयार नव्हत्या. सून पुढे गेली तर सासूचा मान जातो, सासू पुढे गेली तर सुनेला टोमणे. शेवटी मी दोघींना वेगवेगळ्या पोरांकडे दिलं. आज सासू बाहेर येताना सुनेला म्हणाली, ‘तिसरं पान आधी कर, ते सोपं हाय.’ दारात उभ्या असलेल्या मॅडमनी डोळे वटारले. कॉपीच ती, नाही कशी म्हणू!

आजोबा आत गेले. दोन्ही पेनं घेऊन.

साडेतीन

बाराव्या नावाची वाट बघणं. ती मेंढरांबरोबर कराडच्या बाजूला आहे, पाऊस पडल्यावर परतणार. गावात होती तोवर सर्वांत हुशार तीच. परीक्षा नाव नोंदवलेल्या शाळेतच देता येते. दुपारी फोन लागला तेव्हा मागे कुत्री भुंकत होती. कळप सोडून यायचं तर दिवसभरासाठी कुणीतरी हवं, नवरा तापानं पडलाय. ‘फुडल्या वक्ताला बसीन,’ ती म्हणाली. तिच्याजवळ मी दिलेली वही आहे का, हे विचारायचं मी टाळलं. फिरत्या माणसांसाठी हा कार्यक्रम अजून नीट विचार करून बसवलेला नाही, हे मात्र मी अहवालात लिहिणार आहे. अहवालात ‘अडचणी’ असा एक रकाना असतो. तो बहुतेक सगळे ‘निरंक’ भरतात.

पाच

उत्तरपत्रिका मोजून पाकीट बंद. बारापैकी अकरा. ज्यांना पेपरच्या प्रत्येक भागात 17 गुण मिळणार नाहीत त्यांच्या प्रमाणपत्रावर ‘सुधारणा आवश्यक’ येईल आणि त्यांना पुन्हा बसता येईल. नापास हा शब्द नाही, ते बरं आहे.

साडेसहा

आकडे गुरुजींच्या ग्रुपवर. फोटोही. भाकरी, पिठलं, आणि उद्याच्या ट्यूटोरियलची आठवण झाल्यावर पोटात आलेला गोळा.

नववीतला पोरगा घरी आला. हातात एक चिठ्ठी. त्यानं आपल्या आळीतली अजून चार नावं लिहून आणलीत, पुढच्या वर्षासाठी, आणि प्रत्येकापुढे शिकवणाऱ्याचं नावही. त्यात एक नाव त्याच्या वर्गातल्या अशा मुलाचं आहे की ज्याला स्वतःलाच सलग वाचता येत नाही. मी ते दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हनून तर. ताई, त्याला वर्गात वाचाया लाजवतंय. आज्जीला वाचून दावील की.’ मी नाव तसंच ठेवलं.

साडेआठ

बचत गटाची मासिक बैठक, मारुतीच्या देवळात. मी सभासद नाही, आईबरोबर येते. गटाची वही एका शिकलेल्या वहिनीकडे असते. बैठकीत काय ठरलं ते ती लिहिते, शेवटी सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे. वर्षानुवर्षं असंच. मागच्या बैठकीचा ठराव वाचून दाखवायची पद्धत आहे, पण ती ‘मागचं सगळ्यांना माहीतच हाय’ म्हणून सोडली जाते.

आज आत्या म्हणाली, ‘दे इकडं. म्या वाचते.’

दिवसभराच्या मशीनच्या धुळीनं तिचे डोळे लाल झालेले. सामायिक चष्म्यांपैकी एक चढवला, वही दिव्याखाली धरली आणि बोट ठेवून वाचायला लागली. तारीख. हजर सभासद. प्रत्येक नाव, पूर्ण. दोघी-तिघी कंटाळून जांभया द्यायला लागल्या. वहिनी म्हणाली, मी वाचते, लवकर होईल. आत्यानं बोट न उचलता मान हलवली. मग ठराव. गटाच्या शिल्लक पैशातून खुर्च्या घ्यायच्या असं सर्वानुमते ठरलं. तिथे ती थांबली. ‘सर्वानुमते’ तिनं तीन तुकड्यांत वाचलं, मग एकत्र वाचलं.

‘म्हंजी सगळ्या हो म्हनल्या?’

‘व्हय.’

‘म्या कवा हो म्हनले? म्या त्या दिवशी म्हनले हुते की आधी कर्जाला द्या, खुर्च्यांवर कोन बसनार हाय?’

कुणी हसलं, कुणी म्हणालं जाऊ दे. पण मागून अजून एक आवाज आला, मीबी न्हाय म्हनले हुते. मग दुसरी. वहिनी रागावली, आजवर कुणी बोललं नाही आणि आजच कसं, असं तिचं म्हणणं, आणि तिचंही चुकीचं नव्हतं. ती बिचारी सगळ्यांसाठी फुकट लिहीत होती. शेवटी ठरलं की ठराव पुन्हा मांडायचा, हात वर करून मोजायचं, आणि विरोध किती ते वहीत आकड्यात लिहायचं. आकडा आत्या लिहिणार. कर्ज मागणाऱ्या दोघींची नावं वाचून झाली होती, खुर्च्यांच्या बाजूनं बोलायला सरपंचांची बायको उभी राहिली होती, आणि दहा वाजत आले तरी कुणी उठायचं नाव घेत नव्हतं.